सोपान : तिसऱ्या मुलाचं नाव

प्रश्न असा आलाय : "ताई, आम्हाला मुलगा झालाय, बारसं पुढच्या महिन्यात आहे. 'सोपान' हे नाव आम्हा दोघांच्या मनात भरलंय, पण ओळखीत एकाही लहान मुलाचं नाही. नावांच्या साइटवर 'दुर्मीळ', 'शुभांक 6', 'शांत पण महत्त्वाकांक्षी स्वभाव' असं काहीबाही दिसतं. सासूबाई म्हणतात, जुनाट आहे. हे नाव कितपत प्रचलित आहे, त्याची वैशिष्ट्यं काय, आणि ठेवावं का?"

ठेवा. आता कारणं सांगते, आणि खाचखळगेही.

मी सव्वीस वर्षं पौरोहित्य करते आहे, पुणे शहरात आणि पुरंदर तालुक्यात. बाई पौरोहित्य करते म्हटल्यावर लोक आधी बिचकायचे. लग्नाला नको म्हणायचे, पण बारशाला चालेल म्हणायचे. त्यामुळे सुरुवातीची कितीतरी वर्षं माझ्या वाट्याला बारशीच आली. आरव, विहान, अद्वैत, रुद्र पाळण्यात घालून घालून हिशेब विसरले. सोपान मात्र मोजून दोन. पहिला माझ्या सुरुवातीच्या काळात एका खेड्यात, तिथे ते नाव कुणाला वेगळं वाटलंच नव्हतं. दुसरा अलीकडे, शहरातल्या सोसायटीत आठव्या मजल्यावर, आणि तिथे सगळ्यांच्या भुवया वर गेल्या होत्या.

आधी 'प्रचलित किती' हे बघू. आपल्याकडे दर वर्षी कोणतं नाव किती बाळांना ठेवलं याची सरकारी यादी प्रसिद्ध होत नाही. काही देशांत होते, आपल्याकडे नाही. तेव्हा एखादी साइट 'लोकप्रियता इतके टक्के' असं छापते, तेव्हा तो आकडा त्या साइटवर किती जणांनी ते नाव उघडून बघितलं याचा असतो, किंवा कशाचाच नसतो. खरं चित्र बघायचं तर गावाकडची मतदार यादी उघडा. सासवड, जेजुरी, शिरूर, नगर जिल्हा, बीड, सोलापूर, खानदेश, कुठलीही घ्या. सोपान तुम्हाला भेटेल, पण त्याच्यापुढे वय बहुतेक पन्नाशीच्या पुढचं असेल. आणि तरुण माणसांच्या नोंदीत तो मधल्या जागी दिसेल, म्हणजे वडिलांचं नाव म्हणून. आणखी थोड्या वर्षांनी तो आजोबांच्या नावात गेलेला असेल. म्हणजे नाव दुर्मीळ कधीच नव्हतं. ते एका पिढीत थांबलं, एवढंच.

का थांबलं, याचं एक उत्तर सगळे देतात : सिनेमा आला, शहर आलं, मग संजय-विजय आले, सुनील-प्रशांत आले, पुढे सचिन-अमोल आले, आणि जुनी नावं मागे पडली. ते खरंच आहे, पण ते सगळ्याच जुन्या नावांचं उत्तर झालं. ज्ञानेश्वर अजून ठेवतात, ज्ञानेश तर शहरातही ठेवतात. मुक्ता शिकल्यासवरलेल्या घरांत मोठ्या हौसेनं परत आली. मग त्याच घरातला सोपान का मागे राहिला?

माझं उत्तर असं आहे. हे कुठे वाचलेलं नाही, घरोघर वंशावळी लिहून घेताना लक्षात आलेलं आहे. वारकरी घरांत मुलांची नावं एकेकटी ठेवली जात नव्हती, ओळीनं ठेवली जात होती. थोरला निवृत्ती, मधला ज्ञानदेव किंवा ज्ञानोबा, तिसरा सोपान, आणि मुलगी झाली की मुक्ता. भजनात म्हणतातच ना, 'निवृत्ती ज्ञानदेव सोपान मुक्ताबाई, एकनाथ नामदेव तुकाराम'. त्याच क्रमानं घरात पोरं मोजली जायची. श्राद्धाच्या वेळी मी पितरांची नावं विचारते तेव्हा हा क्रम हमखास सापडतो. सोपान हे तिसऱ्या मुलाचं नाव होतं. आणि 'हम दो हमारे दो' आल्यावर तिसरा मुलगाच उरला नाही! दोन मुलांत निवृत्ती-ज्ञानदेव किंवा ज्ञानदेव-मुक्ता एवढ्यावर ओळ संपायला लागली. सोपानाची पाळीच आली नाही.

म्हणून कुणी सोपान भेटला की मी विचारते, "तुम्ही घरात कितवे?" असे तीन सोपान मला जवळून माहीत आहेत. एकाची अंजिराची बाग होती, एक एसटीत कंडक्टर होते, एक हायस्कुलात गणित शिकवायचे. पहिले दोघे तिसरे निघाले. गणिताचे सर चौथे होते, पण त्यांच्या आधीचा एक भाऊ लहानपणीच गेला होता, म्हणजे तेही एका अर्थी तिसरेच. आता तिघांच्या स्वभावाचं विचाराल तर कंडक्टर महाबोलघेवडे, बागवाले आठवड्यातून चार वाक्यं बोलायचे, आणि सरांचा राग अख्ख्या तालुक्याला ठाऊक होता. 'शांत पण महत्त्वाकांक्षी' कुठे शोधायचं ते तुम्हीच बघा.

शुभांकाचंही आत्ताच उरकून टाकते. साइटवरचा 6 कुठून आला, तर रोमन अक्षरांवरून. एका पद्धतीत एसला 3, ओला 7, पीला 8, एला 1, एनला 5 देतात. बेरीज 24, म्हणून 2 आणि 4 मिळून 6. पण दुसरीही एक तेवढीच प्रचलित पद्धत आहे. तिच्यात एसला 1, ओला 6, पीला 7, एला 1 आणि एनला 5. बेरीज 20, म्हणजे शुभांक 2. बरं, स्पेलिंगमध्ये आणखी एक ए घातला की पहिल्या पद्धतीनं 7 आणि दुसरीनं 3. मुलगा तोच, नाव तेच, आकडे चार. त्यात देवनागरीत लिहिलेल्या नावाचा तर यांतल्या कुणी विचारच केलेला नाही. तुमचा विश्वास असेल तर त्यावर मी वाद घालणार नाही. पण त्यासाठी नाव सोडू नका, आणि एक ए जास्त घालून स्पेलिंगही बिघडवू नका.

पंचांगाचं मात्र बघू, कारण ते विचारल्याशिवाय घरातली मोठी माणसं ऐकत नाहीत. अवकहडा चक्रात पूर्वाभाद्रपदा नक्षत्राची चार चरणाक्षरं आहेत : से, सो, दा, दी. 'सो' दुसऱ्या चरणाचं, रास कुंभ. तुमच्या बाळाचा जन्म त्या चरणावर झाला असेल तर सोपान हे आपोआप नक्षत्रनावही होतं. नसेल तरी काही अडत नाही. नामकरणात एकच नाव नसतंच मुळी. कुलदेवतेचं नाव, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यवहारातलं नाव अशी चार नावं असतात. काशाच्या थाळीत तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीनं ती लिहायची. नक्षत्रनाम चरणाक्षरावरून घ्या, ते पत्रिकेत राहतं. व्यवहारातलं नाव आईबापांच्या मनासारखं. कितीतरी घरांत या एका गैरसमजापायी आवडलेलं नाव सोडून ऐनवेळी अक्षराला धरून भलतंच काहीतरी ठेवलेलं मी पाहिलं आहे.

गृह्यसूत्रांचे, म्हणजे घरातल्या संस्कारांच्या जुन्या संस्कृत ग्रंथांचे, नियम लावाल तर गंमत होईल. पारस्कर गृह्यसूत्र सांगतं, मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरांचं असावं, सुरुवात घोष वर्णानं, म्हणजे ग, द, ब यांसारख्या घुमणाऱ्या अक्षरानं, व्हावी, मध्ये य-र-ल-व यांपैकी काही असावं. सोपान तीन अक्षरी, सुरुवात 'स'नं म्हणजे अघोष वर्णानं, मध्ये 'प'. तिन्ही परीक्षांत नापास! पण नाव ठेवणारे विठ्ठलपंत काही अडाणी नव्हते. शिवाय गोविंद आणि माधवही तीन अक्षरीच आहेत. ते नियम तेव्हाही काटेकोर पाळले जात नसणार. आणि मराठीत आपण शेवटचा 'न' मोकळाच सोडतो, त्यामुळे लिहिताना तीन अक्षरं असली तरी बोलताना 'सो-पान' असे दोनच ठोके पडतात.

अर्थ तुम्ही विचारला नाही, तरी सांगते. सोपान म्हणजे पायरी, पायऱ्यांची रांग, जिना. शब्द संस्कृत आहे आणि संस्कृतात तो नपुंसकलिंगी आहे, सोपानम्. यावरून एका गृहस्थांनी माझ्याशी भर मांडवात वाद घातला होता की असं नाव मुलाला ठेवताच येत नाही. त्यांना मी तुलसीदासांचा दाखला दिला. रामचरितमानसातल्या प्रत्येक कांडाच्या शेवटी 'प्रथमः सोपानः', 'द्वितीयः सोपानः' असं येतं. मानस म्हणजे सरोवर, आणि त्यात उतरायच्या सात पायऱ्या म्हणजे सात कांडं. तिथे तो पुल्लिंगी करून वापरलाय. केरळात सोपान संगीत म्हणून एक परंपरा आहे. देवळात गाभाऱ्याच्या पायऱ्यांपाशी उभं राहून इडक्का या छोट्या तालवाद्याच्या साथीनं गायचं. म्हणजे शब्द देशभर हिंडलेला आहे. गुजरातीत मोहनलाल मेहता या लेखक-पत्रकारांनी 'सोपान' हे टोपणनाव घेतलं होतं, हिंदीत सोपान जोशी हे पत्रकार लिहितात. पण ओळीनं, पिढ्यान् पिढ्या माणसांची नावं म्हणून हा शब्द रुजला तो मराठीतच, आणि त्याचं कारण एकच घर आहे.

त्या चार भावंडांची नावं एका दमात म्हणून बघा : निवृत्ती, ज्ञान, सोपान, मुक्ती. आधी माणूस प्रपंचातून मन काढतो, मग त्याला ज्ञान होतं, त्या ज्ञानाची पायरी चढत तो मुक्तीपर्यंत जातो. नावं ठेवतानाच हे योजलेलं होतं की मागाहून कीर्तनकारांनी हा अर्थ काढला, यावर हवं तेवढं भांडता येईल. मला तो क्रम कानाला इतका पटतो की भांडावंसं वाटत नाही. त्यातल्या त्यात सोपानच एकटा असा आहे की ज्याच्या नावात मुक्काम नाही. बाकी तीन नावं म्हणजे अवस्था आहेत. ही वाट आहे.

आणि त्या मुलाचं आयुष्यही तसंच, कथेत सगळीकडे हजर आणि कुठेच पुढे नाही. जन्म शके 1199, म्हणजे 1277 चा धरतात. भिंतीचं ते चित्र तुम्ही लहानपणापासून कॅलेंडरवर बघत आला असाल. चांगदेव वाघावर बसून येतायत आणि चौघं भावंडं भिंतीवर बसून त्यांना सामोरी निघालीत. त्यात ज्ञानदेव लगेच ओळखू येतात, मुक्ताई मुलगी म्हणून ओळखू येते, मोठा तो निवृत्ती. उरला तो सोपान, असं करत आपण त्याच्यापर्यंत पोचतो. निवृत्तीकडे गुरुपद आहे, ज्ञानदेवांकडे ज्ञानेश्वरी, मुक्ताईकडे ताटीचे अभंग. सोपानदेवांच्या नावावरही अभंग आहेत, पण आपल्यापैकी किती जणांना एक तरी पाठ आहे? मलाही पुस्तक उघडावं लागतं, खोटं कशाला बोलू.

आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली ती शके 1218 च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला. त्यानंतर बरोबर महिन्यानं, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला, सोपानदेवांनी सासवडला कऱ्हाकाठी समाधी घेतली. सन 1296. वय विशीच्या आत. आमच्या भागात त्यांना सोपानदेव फारसं कुणी म्हणत नाही, 'सोपानकाका' म्हणतात. माउलींच्या पालखीचा दिवे घाट चढून झाल्यावर मुक्काम सासवडला पडतो. काकांची पालखी सासवडहूनच पंढरीला निघते, आणि पुढे पंढरपूर जवळ आल्यावर 'टप्पा' नावाच्या ठिकाणी दोघांची बंधुभेट होते. रथ शेजारीशेजारी येतात, माणसं ओक्साबोक्शी रडतात. ज्ञानदेव पुरुष असून माउली, म्हणजे आई. आईचा भाऊ मामा व्हायला हवा, पण तो काका. नात्याचं हे गणित वारकऱ्यांना आजवर कधी अडलेलं नाही. आणि विशीच्या आत गेलेल्या पोराला सातशे वर्षं आख्खा महाराष्ट्र काका म्हणतो, हे मला दर वेळी नव्यानं गलबलून टाकतं.

या नावाचा दुसरा माणूस सांगायचा तर सोपानदेव चौधरी. बहिणाबाईंचा मुलगा. ते स्वतः कवी होते. पण आपल्याला ते आठवतात ते आईमुळे. बहिणाबाई 1951 साली गेल्या. त्या ओव्या म्हणत जायच्या आणि सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी त्या कागदावर उतरवून ठेवायचे. ते बाड सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवलं आणि 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्या गाण्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. अत्रे मूळचे सासवडजवळच्या कोडितचे. खानदेशातला सोपान आपल्या आईची गाणी घेऊन सोपानकाकांच्या गावच्या माणसाकडे गेला होता, हे मला फार उशिरा सुचलं आणि सुचलं तेव्हा मी पोथी मिटून जराशी बसून राहिले.

असो. आता व्यवहारात या.

नाव जुनाट वाटतं का? आवाजानं अजिबात नाही. विहान, ईशान, रेहान म्हणा आणि त्याच दमात सोपान म्हणा. शेवट तोच, वजन तेच. जुनं वाटतं ते त्याला चिकटलेल्या 'राव'मुळे. सोपानराव म्हटलं की धोतर, टोपी, कपाळावर बुक्का आणि हातात सुपारीचा अडकित्ता डोळ्यांपुढे येतो. मल्हाररावांचं तेच होतं. लोकांनी त्यातला राव काढला, नुसता मल्हार ठेवला, आणि आज प्रत्येक बालवाडीत एक तरी मल्हार आहे. नावांचं असं होतं, की ते नाव लावणारी आजोबांची पिढी आसपास वावरत असते तोवर ते म्हातारं वाटतं. ती पिढी डोळ्यांआड झाली की पणतवंडाला तेच नाव ताजं वाटतं. सोपान आत्ता त्या वळणावर आहे. तुम्ही दहा वर्षं लवकर आहात, एवढंच. आणि उगाच 'युनिक' म्हणून ठेवत असाल तर दहा वर्षांनी तुमच्या मुलाच्या वर्गात आणखी तीन सोपान निघाले तर मला बोल लावू नका.

चिडवाचिडवी होणार. सोप्या, सोपू ही तर घरचीच रूपं. शाळेत 'सोपान, पेपर सोपा होता का?' हे वर्षातून दोनदा ऐकावं लागेल. कोल्हापूर-सांगलीकडे सोपा म्हणजे घराची पुढची ओसरी, तिथे पाहुणे गेले तर 'सोप्यात सोपान' हा विनोद कुणी ना कुणी करेलच. इंग्रजी शाळेत 'सोप' म्हणजे साबण. पण चिडवायला पोरांना नाव लागतच नाही, ती चष्म्यावरूनही चिडवतात. या नावाच्या टोपणनावांत एकही अपमानाचं नाही, हे मी जमेला धरते.

स्पेलिंगकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. रोमन लिपीतून मराठीत उलटं येताना संगणक 'सोपान'चं 'सोपन' करतो. मी वर सांगितलेल्या दुसऱ्या बारशातल्या बाळाच्या जन्मदाखल्यावर असंच झालं. इंग्रजी नाव बरोबर, मराठीत काना गायब. दाखला हातात आल्यावर वडिलांनी फक्त इंग्रजी ओळ वाचली आणि फोल्डरमध्ये ठेवून दिला. काना नसल्याचं कळलं ते दुसऱ्याच कामासाठी कागद काढला तेव्हा, आणि मग शपथपत्र, अर्ज, तीन चकरा. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंतचा मूळ पुरावा झालाय, तेव्हा तिथली चूक पुढे सगळीकडे जाते. दाखला खिडकीवरच दोन्ही लिप्यांत अक्षर न् अक्षर वाचायचा, मागे रांग असली तरी. बाळाचं नाव नोंदणीच्या वेळी ठरलेलं नसेल तर घाई करू नका. नावाशिवाय नोंद होते, वर्षभरात नाव फुकट घालता येतं, त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. आणि 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात महाराष्ट्रात आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आला आहे. त्यामुळे पूर्ण नाव मोठ्यानं म्हणून बघा. सोपाननंतर आईचं नाव 'न'नं सुरू होत असेल, नेहा, नंदिनी वगैरे, तर दोन 'न' एकमेकांना धडकतात. फार नाही, पण एकदा ऐकून घ्या.

परदेशात जायचा बेत असला तर तिथलं आपलं : इंग्रजी बोलणारे 'सोपन' म्हणतील आणि दोन दिवसांत शिकतील. जर्मनीत मात्र शब्दाच्या सुरुवातीला 'एस' आणि पुढे स्वर आला की त्याचा उच्चार 'झ'कडे जातो. तिथे तो 'झोपान' होईल. रात्री जागणाऱ्या बाळासाठी हे कुणाला शुभ वाटलं तर वाटो.

राहता राहिल्या सासूबाई. त्या 'जुनाट' म्हणतात, पण म्हणजे नेमकं काय हे त्यांना एकदा एकांतात विचारा. सांगते का ते.

आठव्या मजल्यावरचं ते बारसं. पाळणा सजलेला, घुगऱ्यांचा वास, बायकांची गर्दी. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत कापडात गुंडाळलेला वरवंटा पाळण्याखालून-वरून फिरला. आत्यानं बाळाच्या कानात कुर्रर्र करून 'सोपान' सांगितलं, पाठीत धपाटे खाल्ले, सगळ्या हसल्या. बाळाची आजी, वडिलांची आई, मात्र भिंतीला टेकून गप्प. पाळणा म्हणायची पाळी तिची होती आणि ती पुढे येईना. सून रडवेली झाली. तिला वाटलं, आजींना नाव आवडलेलं नाही आणि त्या सगळ्यांदेखत रुसल्यात. मी आजींना आतल्या खोलीत नेलं. तेव्हा कळलं, की त्यांच्या सासऱ्यांचं नाव सोपान होतं. सासऱ्यांना जाऊन तीस वर्षं झाली होती, पण त्या काळच्या सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं. मुलाला हे कधी सुचलंच नाही. त्याला वाटत होतं, आपण पणजोबांचं नाव ठेवून आईला खूश करतोय. आणि आई मला म्हणाली, "नाव चांगलंच आहे हो. पण मी याला हाक कशी मारू?"

मी काही सुचवायच्या आत त्यांनीच पदर खोचला आणि बाहेर आल्या. पाळण्याची दोरी हातात घेतली, थांबल्या, आणि म्हणाल्या, "सोपानदेवा, नीज रे." शेवटी दोन अक्षरी 'देवा' लावल्यावर ते सासऱ्यांचं नाव राहिलं नाही, सासवडचं झालं.

आता तो साडेतीन वर्षांचा आहे. आजी त्याला नुसतं 'देवा' म्हणते. तेव्हा तुमच्याही घराण्यात कुणी सोपान होऊन गेला आहे का, ते बारशाच्या आधीच विचारून ठेवा, म्हणजे पाळण्यापाशी खोळंबा होणार नाही.